पाळीव जीवाचे मरण आणि पहिले शील

यंदाच्या वर्षावासात आमच्या विहारात बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. अहिंसेविषयीचा भाग वाचून संपला आणि मागच्या रांगेतून एक भगिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या कुटुंबाने दोनच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेली आहे. त्या म्हणाल्या, “गुरुजी, आमचा कुत्रा चौदा वर्षांचा झाला. दीड महिना झाला, जागचा उठत नाही. कुशीला जखमा पडल्यात. गुरांचे डॉक्टर म्हणाले, आता सुई देऊन शांत करा. सासूबाई म्हणतात, कुत्रं खंडोबाचं, त्याला मारलं तर घरादाराचं वाटोळं होईल. मुलगा म्हणतो, आई, आपण आता बौद्ध, पहिलं शील मोडेल. आणि कुत्रं तर रात्रभर कण्हतंय. आम्ही करावं काय?”

सभेतील काही तरुण हसले. एक जण म्हणाला, “इथं माणसाला न्याय मिळेना, आणि कुत्र्याचं काय घेऊन बसलात?” मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता, आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीवर त्याने बोट ठेवले होते. ते उत्तर आज लिहून देत आहे.

प्रथम त्या तरुणाविषयी. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी गुराढोरांना मोकळे होते आणि आपल्या माणसांना बंद होते. ज्यांना जनावरापेक्षाही खाली लेखले गेले त्यांनी जनावराच्या दुःखाची चर्चा करावी, हे त्याला खटकले असेल तर मी त्याचा राग समजू शकतो. परंतु त्या तळ्यावर अपराध जनावराचा नव्हता, माणसाचा होता. बाबासाहेबांनी हा भेद कधीच विसरू दिला नाही. १९३४ साली राजगृहात काढलेले छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव यांच्यासोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. पुढे १९५६ साली नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांच्या लालनपालनाची प्रतिज्ञा त्यांनी आपल्याकडून वदवून घेतली. तेव्हा हा प्रश्न धम्माबाहेरचा नाही.

आता सासूबाईंचे म्हणणे. खंडोबा कोपेल ही भीती बाळगण्याचे आपल्याला कारण उरलेले नाही. ज्या दिवशी आपण प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवशी ही भीती आपण उंबऱ्याबाहेर ठेवली. परंतु सुनेने सासूवर हसू नये. त्या म्हातारीने चौदा वर्षे आपल्या भाकरीतला तुकडा त्या कुत्र्याला घातला आहे. देवाच्या नावाने ती जे बोलते आहे त्यात माया पुष्कळ आहे. भीती काढून टाकावी आणि माया ठेवावी, हेच धर्मांतराचे काम आहे.

याच्या जोडीला आणखी एक उत्तर आपल्याकडे ऐकू येते, आणि ते अधिक घातक आहे. लोक म्हणतात, “हे त्याचे मागल्या जन्मीचे भोग आहेत. भोगूनच सरायला हवेत. मध्येच संपवले तर उरलेले पुढल्या जन्मी भोगावे लागतील.” काही बौद्ध देशांतसुद्धा हा विचार रुजलेला आहे. बांधवांनो, हा विचार आपण ओळखत नाही काय? गावकुसाबाहेर राहणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना हेच ऐकवले गेले होते. पूर्वजन्मीच्या कर्मावर आजच्या दुःखाचे खापर फोडणारी शिकवण बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्टपणे नाकारली, कारण तिने दुःख पाहणाऱ्याला हात बांधून बसण्याची सबब मिळते. जी सबब आपण आपल्यासाठी नाकारली ती मुक्या जीवाला लावणे आपल्याला शोभत नाही.

उरला मुलाचा प्रश्न. तो सर्वांत कठीण आहे, आणि त्याला खोटे उत्तर देऊ नये. पाली अट्ठकथांत प्राणिहत्येची पाच अंगे सांगितली आहेत. समोर प्राणी असणे, तो जिवंत असल्याचे ठाऊक असणे, मारण्याचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे, आणि त्या प्रयत्नाने मरण येणे. डॉक्टरची सुई या पाचही अंगांत बसते. ‘सुई डॉक्टर देतो, आपण नाही’ असे म्हणून सुटका होत नाही, कारण दुसऱ्याकडून करविणे हेही करणेच होय. परंपरेतील आचार्य याहूनही पुढे जातात. ते म्हणतात की मारण्याच्या क्षणी चित्तात द्वेष असतोच. करुणा वाटत असली तरी खोलवर ‘हे दुःख मला पाहवत नाही’ असा तिटकारा दडलेला असतो. म्हणून अनेक भिक्खू दयामरणास संमती देत नाहीत. त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. उलट माझ्या मते आपल्याला लागणारी कसोटी त्यांच्याच म्हणण्यात सापडते.

परंतु बाबासाहेबांनी एक गोष्ट शिकवली आहे. अहिंसा हे तथागतांनी सांगितलेले तत्त्व आहे, तो यांत्रिक नियम नव्हे. नियम माणसाला विचार करू देत नाही, तत्त्व विचार करायला भाग पाडते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील भेदही त्यांनी तेथेच मांडला आहे. केवळ नियम पाळणारा माणूस काय करतो ते आपण पाहतोच. म्हातारा कुत्रा पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो आणि म्हणतो, “आम्ही काही मारला नाही.” शीलाचे अक्षर सांभाळले गेले, पण जीव उपाशी, तहानलेला, दुसऱ्या कुत्र्यांच्या तावडीत मेला. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने असे सोडून देणे गुन्हा ठरवले आहे. धम्माच्या दृष्टीने तर ते अधिकच निंद्य होय.

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरकडून सुई देववून त्याचा अंत केला. त्यावर त्यांना संतापाची पत्रे आली. आदल्याच वर्षी महाडला माणसांची डोकी फुटली, तेव्हा या अहिंसावाद्यांपैकी कितींनी लेखणी उचलली, असा प्रश्न आपल्या मनात आल्यावाचून राहत नाही. गांधीजींशी आपले मतभेद मूलभूत आहेत. तरीही विचार कोणाचा आहे यापेक्षा तो कसोटीला उतरतो काय हे पाहावे, ही कालामांना दिलेली शिकवण आपली आहे. त्या वासराविषयीचा निर्णय मला विवेकाचा वाटतो.

आता माझी चूक सांगतो. माझ्या घरी राजा नावाचा कुत्रा होता. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल दाखवून सांगितले की, आता उपाय उरलेला नाही, त्याला त्रासातून सोडवा. मी पहिल्या शीलाचे नाव पुढे केले आणि त्याला घरी आणले. त्यानंतर तो अकरा दिवस जगला. अन्नाला तोंड लावत नव्हता, पाणी प्याला की ओकत होता, तोंडात व्रण झाले होते, शेवटी झटके येऊन तो गेला. या अकरा दिवसांत मी रोज शाळेत जात होतो. त्याच्याजवळ माझी आई बसून होती. शील मी पाळले आणि त्याची किंमत त्या मुक्या जीवाने व माझ्या आईने मोजली. आज प्रामाणिकपणे सांगतो, मी ज्याला अहिंसा म्हणत होतो ती माझी भीती होती. होकार देण्याचा भार मला स्वतःवर घ्यायचा नव्हता.

याच्या नेमकी उलट गोष्टही मी पाहिली आहे. आमच्या एका नातलगाच्या कुत्रीला मागच्या बाजूस रक्त गळणारी गाठ झाली होती. घरात दुर्गंधी येई. “तिचे हाल पाहवत नाहीत, सुई देऊन टाका,” असे सगळे म्हणत होते. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, हा कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा अर्बुद आहे आणि विन्क्रिस्टीन नावाच्या औषधाने तो बहुधा बरा होतो. काही आठवडे आठवड्यातून एक इंजेक्शन दिले, आणि गाठ विरून गेली. ती कुत्री त्यानंतर कित्येक वर्षे अंगणात हिंडत होती. हाल तिला होते, परंतु असह्य झाले होते ते घरच्यांच्या नाकाला.

या दोन घटनांतून मला जे कळले ते एवढेच आहे : असह्य कोणाला झाले आहे, हे आधी विचारावे. त्याला की आपल्याला? मी उशीर केला तो माझ्यासाठी, आणि नातलग घाई करीत होते तीही स्वतःसाठी. दोघांच्याही तोंडी करुणा होती. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी चेतना तपासणे, हेच येथे शील पाळणे होय.

चेतना तपासायची तर डोळे उघडे हवेत, कारण प्रज्ञेवाचून करुणा आंधळी असते. अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली अशा वेळी पाहावयाच्या सात गोष्टी मांडल्या. वेदना आटोक्यात आहेत काय? खातो काय? पाणी पोटात राहते काय? त्याला स्वच्छ ठेवता येते काय? माणसे आली की त्याला आनंद होतो काय? चालता येते काय? आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय? एक वही घ्यावी आणि आठवडाभर रोज रात्री घरातल्या सर्वांनी मिळून हे लिहावे. मन फसवते, वही सहसा फसवत नाही. त्याचबरोबर डॉक्टरला स्पष्ट विचारावे की, हा रोग बरा होण्याजोगा आहे काय? गोचीड ताप औषधाने बरा होऊ शकतो. अळ्या पडलेली जखम पाहवत नाही, पण ती धुऊन, साफ करून पुष्कळदा भरून येते. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतले होते. तेव्हा किळस हे मरण देण्याचे कारण होऊ शकत नाही. आधी सेवा, मग उपचार, आणि दोन्ही संपल्यावरच तिसरा विचार.

पैशाचे काय? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलीची फी आणि कुत्र्याचे औषध एकाच पगारातून निघते. औषध परवडत नाही म्हणून निर्णय घ्यावा लागला तर तो अपराध नव्हे. परंतु त्याला दुसरे नाव देऊ नये. ‘आम्हाला परवडले नाही’ असे खरे बोलावे. सम्यक वाचा घरातही पाळावयाची असते.

निर्णय झालाच तर तो नीट पार पाडावा. विष घालणे, डोक्यात घाव घालणे हे प्रकार क्रूर आहेत. काळजात स्ट्रिक्निनचे इंजेक्शन देण्यासही वर सांगितलेल्या कायद्याने मनाई केली आहे. पशुवैद्य सामान्यतः आधी गुंगीचे औषध देतो आणि मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा देतो. काही क्षणांत शुद्ध हरपते आणि थोड्या मिनिटांत हृदय थांबते. त्या वेळी घरच्या माणसाने त्याच्याजवळ असावे, डोक्यावर हात ठेवावा, ओळखीच्या आवाजात बोलावे. त्याला अनोळखी हातांत देऊन बाहेर उभे राहू नये. ज्याला हे पाहण्याची ताकद नाही त्याने मी कोणती चूक केली ती आठवावी.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. हे सर्व मी माणसाविषयी बोलत नाही. आजाऱ्यापुढे दयेपोटी मरणाची स्तुती करून त्याला मरणास प्रवृत्त करणारा भिक्खू विनयानुसार पाराजिक ठरतो, म्हणजे संघातून कायमचा बाद होतो. जनावराचा जीव जाणूनबुजून घेणे हा पाचित्तिय दोष आहे, तो कबूल करावा लागतो. संघानेही दोन्हींना एका तागडीत घातले नाही. पण दोष म्हटले आहे, हेही विसरू नये. म्हणून सुई दिल्यानंतर ‘मी पुण्य केले’ असे मिरवू नये आणि ‘मी पापी’ म्हणून छाती पिटू नये. एक जड गोष्ट विचारपूर्वक केली, तिची जबाबदारी माझी, एवढे म्हणावे आणि पुन्हा शील ग्रहण करावे.

मुलांना “झोपवले” किंवा “देवाघरी गेला” असे सांगू नये. वर्गात मी पाहतो, अशा मुलांना झोपेची आणि दवाखान्याची भीती बसते. “तो बरा होणार नव्हता, त्याला फार दुखत होते, म्हणून डॉक्टरांच्या मदतीने आपण त्याचे दुखणे थांबवले, तो मेला,” असे सरळ सांगावे. खोल खड्डा करून मुलांच्या हातून माती घालू द्यावी. अनित्यता हा शब्द त्यांना पुढे ग्रंथात भेटेल तेव्हा तो अनोळखी वाटणार नाही.

त्या भगिनीला माझे उत्तर असे आहे : ताई, तुम्ही वर्णन केले त्यावरून उपचार आणि सेवा दोन्ही संपल्यासारखी दिसतात. तरी डॉक्टरला एकदा बरे होण्याविषयी विचारा, वही लिहा, आणि सासूबाईंना व मुलाला सोबत बसवून ठरवा. तुमच्या मुलाने शीलाची आठवण केली याचा मला आनंद आहे. त्याला सांगा, शील मोडेल काय ही चिंता स्वतःविषयीची आहे. आधी त्या कण्हणाऱ्या जीवाजवळ एक रात्र बसून काढ, आणि सकाळी पुन्हा हाच प्रश्न विचार. त्या वेळी त्याला जे उत्तर सुचेल ते माझ्या उत्तरापेक्षा खरे असेल.

जय भीम! नमो बुद्धाय!