लोकांदेखत

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचे डोंगरावरील प्रवचन आहे. त्यातल्या दोन उपदेशांचे आपसांत भांडण आहे असे मला शाळकरी वयापासून वाटत आले. पाचव्या अध्यायात तो सांगतो की दिवा लावून मापाखाली झाकू नये. चांगले काम लोकांच्या नजरेस पडू द्यावे. लगेच पुढच्या अध्यायात तोच सांगतो की दानधर्म, प्रार्थना, उपवास हे सारे गुपचूप करा. चौकात उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना तर तो सरळ ढोंगी म्हणतो. आता साध्या संसारी माणसाने करावे काय? दाखवावे की झाकावे?

फराळाचे ताट पुढ्यात असताना हे कोडे कशाला, असे वाचक म्हणतील. पण आमच्या गल्लीत दिवाळीला शेजारची चकली आमच्याकडे येते, नाताळात आमची करंजी त्यांच्याकडे जाते, आणि या देवघेवीत कोणी तरी हमखास विचारते, “सर, तुमच्यात नेमकं काय असतंय?” तोंडी उत्तर द्यायला दोन मिनिटे पुरतात. पण विचारणारा वर्षभर शेजारी राहत असतो. त्याचे अर्धे उत्तर त्याने आधीच पाहून ठेवलेले असते!

कोल्हापूरला ख्रिस्ती माणूस नवा नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली येथे आले. त्यांच्या नावाचे चर्च गावात आहे. तिकडे मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली रुग्णालय उभारले. या भागातल्या कित्येक खेडुतांची ख्रिस्ती धर्माशी पहिली ओळख प्रवचनातून न होता मोतीबिंदूच्या पट्टीतून झाली असेल. हे मोठेच काम. मात्र त्यामुळे आम्हा पुढच्या पिढ्यांची एक सोय झाली. शाळा आणि दवाखाना धर्म दाखवतात, मग माणसाला तो दाखवावा लागत नाही. त्याने गळ्यात क्रूस घालावा, मोटारसायकलवर वचन चिकटवावे आणि सिग्नल तोडून पुढे जावे. क्रूस घालू नये असे माझे म्हणणे नाही. तो स्वस्तात मिळतो एवढेच.

त्यातून पुरुषाचे आणखी निराळे. घरातली भक्ती बहुधा बायकांच्या वाट्याला येते. मुलांना प्रार्थना शिकवायची आईने, आजाऱ्याची उशाकडची बाजू सांभाळायची तिनेच. पुरुष रविवारी इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या बाकावर बसतो. बरे, येशूने जे करायला सांगितले ते तर सगळे आमच्या गावी ‘बायकी’ ठरते: क्षमा मागणे, मार खाऊन गप्प राहणे, दुसऱ्याचे पाय धुणे. तालमींच्या या गावात हे लोकांदेखत करणे म्हणजे चेष्टेला आमंत्रण. चौकातल्या प्रार्थनेने मान मिळतो, आणि यातून तो जातो. माझ्या कोड्याची एक गाठ मला इथे सुटल्यासारखी वाटते. ज्यातून वाहवा मिळते ते झाकावे. ज्यातून कमीपणा येतो ते मात्र अंधारात उरकू नये.

मराठीत या बाबतीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांइतका उघडा माणूस दुसरा नाही. 1895 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, पण मराठीपण त्यांनी सोडले नाही. ख्रिस्ताची भजने रचली. ती आमच्या चर्चमधून अजून गायिली जातात. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. दोनच वर्षांनी ते गेले.

बाहेरून दिसणारे टिळक असे. घरातून दिसणारे टिळक ‘स्मृतिचित्रां’त आहेत. लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापटपणा लपवला नाही, विसरभोळेपणा नाही, हातात पैसा न ठरणे तर नाहीच. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा हिने काय करावे, हे कोणी तिला विचारले नव्हते. काही वर्षांची ताटातूट तिने सोसली. नवऱ्याच्या औदार्याची किंमत पुष्कळदा बायकोच्या डब्यातून जाते, ही गोष्ट चरित्रकारांच्या ध्यानात येत नाही; तिच्या मात्र येते. आणि तरीही लक्ष्मीबाईंचे पुस्तक प्रेमाने ओथंबलेले आहे. परत आल्यावर काही काळ त्यांनी आपले सोवळे पाळले, आणि टिळकांनी ते पाळू दिले. 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतः विचार करून. मला टिळकांच्या कवितेहून हे पाळू देणे मोठे वाटते. जगाला उपदेश करणाऱ्या माणसाने घरात गप्प राहून वाट पाहावी, हे सोपे नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दर वेळी मनात येते: उद्या आपल्या बायकोने लेखणी उचलली तर? कोणत्याही नवऱ्याला या विचाराने थोडे तरी सावरून बसावेसे वाटेल.

माझे आजोबा कंपाउंडर होते. आजी अर्धांगाने अंथरुणाला खिळली, तेव्हा घरात दुसरी बाई नव्हती. नळ गल्लीत, सर्वांचा मिळून एक. पहाटे अंधारात कपडे धुऊन घ्यावेत असे एकदोघा हितचिंतकांनी सुचवले. आजोबांना पहाटे आजीचे अंग पुसायचे असे, त्यामुळे ते आठ वाजता, ऐन गर्दीत, तिची लुगडी घेऊन बायकांच्या रांगेत उभे राहत. समोरच्या कट्ट्यावरून टोमणे येत. एकदा एकाने विचारलेच, “तुमच्यात असं सांगितलंय व्हय?”

“सांगितलंय खरं,” आजोबा म्हणाले, “करणारे कमी.”

कट्टा हसला, आजोबाही हसले. पण नऊवारी लुगडे एकट्याने पिळता येत नाही. त्या कट्ट्यावरचाच तालमीतला एक पोरगा काही दिवसांनी उठून खाली आला आणि त्याने दुसरे टोक धरले.