तुपावर खापर फोडू नका

पेपर तपासून झाले. 'फॅटी लिव्हर का होते?' या प्रश्नाला निम्म्याहून अधिक वर्गाने एकच उत्तर खरडले आहे : माणूस तेलतूप फार खातो, ते यकृतात जाऊन साठते. असले उत्तर कट्ट्यावर खपेल, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला खपणार नाही. बायोकेमिस्ट्रीत मेदाम्ले शिकलात, ती परीक्षा संपताच रद्दीत घातलीत का?

2005 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढला. त्यातली जेमतेम 15 टक्के जेवणातली होती. 26 टक्के यकृताने स्वतः, मुख्यतः साखर-पिठातून, बनवली होती. उरलेली 59 टक्के रक्तातल्या मुक्त मेदाम्लांतून, म्हणजे बहुतांशी अंगावरच्या चरबीतून आलेली. आता सांगा, तुपाला कुठे बसवता? तूप वाटेल तेवढे खा असे मी म्हणत नाही. पण कारण विचारले की कारण लिहायचे असते.

कारण इन्शुलिनपाशी आहे. एरवी जेवणानंतर इन्शुलिन चरबीच्या पेशींना मेदाम्ले सोडण्यापासून रोखते. त्या पेशी त्याचे ऐकेनाशा झाल्या की मेदाम्ले रात्रंदिवस यकृताकडे धावतात. इकडे रक्तात वाढलेले तेच इन्शुलिन यकृताला नवा मेद बनवायला लावते. त्या कामात मॅलोनिल कोए तयार होते आणि ते सीपीटी-1 ला अडवते. म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचे दारच अडते, जाळायचे मेदाम्ल आत जात नाही. जमा वाढली, खर्च अडला.

खर्चाची दुसरी वाट कोणीच लिहिली नाही, एकानेही नाही! व्हीएलडीएलचे कण बांधून यकृत मेद बाहेर धाडते. त्याला प्रथिन लागते, फॉस्फॅटिडिलकोलीन लागते. 1932 मध्ये टोरांटोत चार्ल्स बेस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कोलीन मिळाले तर उंदरांच्या यकृतातली चरबी उतरते. क्वाशिओरकरचे पोर उपाशी असते, अंगावर मांस नसते, तरी यकृत चरबीने भरलेले. तेलतुपाच्या तुमच्या सिद्धान्ताने त्या पोराचे यकृत समजावून दाखवा.

आणि स्लाइड! 'पेशी रिकाम्या दिसतात' असे लिहून मोकळे झालात. त्या पोकळ्या रिकाम्या नव्हत्या. स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनने चरबी विरघळून गेली, म्हणून गोल पांढरी भोके उरली. केंद्रक कडेला दाबले गेले आहे, ते कोणी ढकलले याचा विचार नको? फ्रोझन सेक्शनवर ऑइल रेड ओ टाका, त्याच जागा लालभडक दिसतील.

याहून वाईट चूक पुढची. ट्रायग्लिसराइडचा थेंब हाच विष, असे लिहिले आहे. थेंबात बांधलेला मेद त्यातल्या त्यात निरुपद्रवी असतो. 2007 साली उंदरांत थेंब बनवणारे डीजीएटी-2 दाबले, तेव्हा चरबी घटली पण दाह आणि फायब्रोसिस वाढले. थेंबाबाहेर मोकाट राहिलेली मेदाम्ले, सेरामाइडसारखी त्यांची रूपे, ही पेशीला मारतात. पेशी फुगते, दाह येतो, स्टेलेट पेशी जाग्या होतात, कोलॅजन पसरते. मग सिरॉसिस, काहींना कर्करोग.

'जाड माणसांचा आजार' हेही पुसा. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांची एक पाहणी 2010 साली प्रसिद्ध झाली. फॅटी लिव्हर सापडलेल्यांपैकी 75 टक्के लोकांचा बीएमआय 25 च्या खाली होता. असा सडपातळ शेतकरी तुमच्यासमोर बसेल आणि तुम्ही त्याचे पोट न मोजताच त्याला परत पाठवाल, याची मला धास्ती वाटते.

सोनोग्राफीवर 'ग्रेड वन' वाचून 'काही नाही, आजकाल सगळ्यांनाच असते' हे वाक्य माझ्या वॉर्डात कोणाच्या तोंडून ऐकू येता कामा नये. वजन जास्त असेल तर 7 ते 10 टक्के उतरवल्यावर बहुतेकांचा दाह ओसरतो. सिरॉसिस झाल्यावर तेवढे सोपे राहत नाही. साखर तपासा. दारूबद्दल आडपडदा न ठेवता विचारा. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट एवढ्यावर फायब्रोसिसचा अंदाज देणारा फिब-4 निघतो, कॅल्क्युलेटर प्रत्येकाच्या खिशात आहे. तो काढल्याशिवाय फॅटी लिव्हरचा एकही रुग्ण घरी पाठवू नका.