अंतिम शब्द कोणाचा?

धर्माच्या बाबतीत मतभेद झाला तर प्रमाण कोणते मानावे? ग्रंथ, परंपरा की धर्मपीठ? या प्रश्नासाठी ख्रिस्ती समाजाने फार मोठी किंमत मोजली आहे.

जर्मनीतील मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूंनी १५१७ मध्ये, पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकण्याच्या प्रथेवर आक्षेप घेतला. १५२१ मध्ये वर्म्स येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर त्यांना आपले लेखन मागे घेण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. पोप आणि धर्मसभाही चुकू शकतात. बायबलच्या आधारे किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटल्याशिवाय आपण मागे हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

कॅथलिक चर्चचे म्हणणेही विचार करण्यासारखे होते. ग्रंथाचा अर्थ कोणीतरी लावावाच लागतो. मग प्रत्येकाने आपापला अर्थ लावला तर एकता कशी टिकेल? १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने जाहीर केले की, लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा यांना सारखाच आदर द्यावा.

ही शंका निराधार नव्हती. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन सुधारक भेटले. दोघेही बायबललाच प्रमाण मानणारे. तरीही प्रभुभोजनाच्या वेळी येशूने उच्चारलेल्या ‘हे माझे शरीर आहे’ या वचनाच्या अर्थावर त्यांचे जुळले नाही. बाकी जवळजवळ सर्व मुद्द्यांवर एकमत होऊनही ल्यूथर यांनी झ्विंग्ली यांना बंधू मानले नाही.

हे वाचून आपण दुसऱ्यांचे भांडण म्हणून हसू नये. आपणही सोयीचे असेल तेव्हा ग्रंथाचा दाखला देतो आणि गैरसोय झाली की ‘परंपरा अशीच आहे’ म्हणतो. समर्थांनी दासबोधात शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती अशा तिन्हींचा मेळ सांगितला आहे. ग्रंथ अधिकाऱ्याच्या मनमानीला आवर घालतो, परंपरा आपल्या लहरीला, तर अनुभव कोरड्या शब्दज्ञानाला. यातले एकच धरले की तोल जातो.

ल्यूथर यांचा विवेकही ‘मला वाटते’ एवढ्यावर उभा नव्हता. तो ग्रंथाशी बांधलेला होता. मात्र निष्ठा असूनही प्रेम आटू शकते, हे मारबुर्गने दाखवले. मनुष्य मोक्ष कशाने पावतो, या मूळ वादावर कॅथलिक व ल्यूथरपंथीय यांचे संयुक्त निवेदन ऑग्सबर्ग येथे १९९९ मध्ये झाले. तोवर जवळजवळ पाच शतके लोटली होती.

आज आपला कोणाशी मतभेद आहे? आपण सत्यासाठी भांडतो आहोत की स्वतःच्या शब्दासाठी? आजच्या चिंतनात हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा.