भाडे होडीचे, मासळी दर्याची

शास्त्रपाठ : लूक 5:1-11



लूककृत शुभवर्तमानातील या पाठावर आम्ही आजवर निदान सहा वेळा संदेश दिला आहे, आणि सहाही वेळा कोरड्या जमिनीवर उभे राहून दिला आहे. बेळगावला समुद्र नाही. शब्बाथशाळेत फळ्यावर होडी काढावी, खाली तीन लाटा काढाव्या, जाळ्यात मासे काढावे आणि मुलांना विचारावे की, पेत्राला किती मासे मिळाले? मुले ओरडतात, ‘पुष्कळ!’ पाठ संपतो. रात्रभर काहीच न मिळणे म्हणजे काय, हे त्या मुलांना ठाऊक नसते आणि खरे सांगायचे तर शिक्षकालाही नसते.

2024 च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली, तेव्हा आम्ही सहकुटुंब गोव्याला गेलो. बरोबर आमचे वडील होते. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आमची आई प्रभूकडे गेली. तेव्हापासून बाबा बोलेनासे झाले होते. जेवायला बोलावले की येत, विचारले की उत्तर देत, एवढेच. पस्तीस वर्षे शाळेत शिकवलेला माणूस, पण घरच्या प्रार्थनेतही शेवटचे ‘आमेन’ तेवढे म्हणे. समुद्र पाहून त्यांना बरे वाटेल असे आमच्या पत्नीचे म्हणणे पडले. लोंढ्याच्या मार्गाने आगगाडीने मडगाव गाठले आणि तेथून बसने काणकोणला, पाळोळेच्या किनाऱ्यावर उतरलो.

तेथे उलांडीच्या लाकडी होड्या वाळूवर ओळीने उभ्या असतात. मागे छोटी मोटर बसवलेली असते. प्रवाशांना फिरवून आणायचे, डॉल्फिन दाखवायचे, कोणाला हौस असेल तर गळ टाकायला न्यायचे, आणि उरल्या वेळात आपली जाळी मारायची, असा त्या होडीवाल्यांचा संसार. आमच्या चिरंजीवांना मासा धरायचा होता. आम्ही एका होडीवाल्याशी बोललो. सकाळी सहा ते दहा, होडीत आमच्याखेरीज दुसरे कोणी नाही, गळ, दोरी व आमिष त्याचे. त्याने 3,500 रुपये मागितले. आम्ही घासाघीस करून 2,800 वर आणले, आणि त्या विजयाचा आम्हाला अभिमान वाटला, हेही येथे नोंदवून ठेवतो. (दिवस शनिवारचा होता. उपासना चुकवून आम्ही मासे धरीत बसलो नव्हतो. एखाद्या वाचकाच्या मनात येण्याआधीच सांगितलेले बरे.)

पहाटे अंधारातच होडी पाण्यात लोटली. होडीवाला पागी समाजातला, पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याने समुद्राचे पाणी बोटांनी कपाळाला लावले आणि मग मोटर सुरू केली. सकाळी वारा जमिनीकडून असतो व पाणी शांत असते. दुपारी वायव्येकडून वारा सुटतो, म्हणून ही सगळी कामे सकाळची. काणकोणच्या बेटाला वळसा घालून खडकाळ तळ असलेल्या जागी त्याने नांगर टाकला. अशा जागी तांबोशी आणि गोबरा राहतात. मुलांना त्याने तंगूस कशी सोडायची ते शिकवले. गळाला कोळंबी लावायची, शिसे तळाला टेकले की हातभर वर ओढायचे आणि तंगूस तर्जनीवर अलगद ठेवून वाट पाहायची. मासा तोंड लावतो ते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते.

बोटाला काही कळेना. एक तास गेला. त्याने जागा बदलली. पुन्हा एक तास. दोन बोटभर तांबोश्या आल्या, त्या त्याने गळ सोडवून परत पाण्यात टाकल्या. एक शिंगाळा आला. त्याचा काटा लागला तर हात सुजतो, म्हणून मुलांना मागे सारून त्याने पकडीने काटा मोडला. तो एवढाच एक मासा होडीच्या तळाशी पडून राहिला. मध्येच डॉल्फिनांचा कळप अगदी जवळून गेला. आमची मुलगी टाळ्या पिटू लागली. आम्ही मात्र घड्याळ पाहत होतो. डॉल्फिन आमच्या करारात नव्हते, म्हणून आम्ही ते हिशेबात धरलेच नाहीत.

साडेनऊ वाजता आमचा संयम सुटला. आम्ही मुलांसमक्ष त्या माणसाला म्हणालो, ‘चार तासांचे पैसे घेतलेत, मासे कुठे आहेत? मासे नसलेल्या जागी आणून आम्हाला बसवलेत काय?’ याहून कडक शब्दही होते. ते येथे लिहीत नाही.

तो रागावला नाही. म्हणाला, ‘भाडें होडयेचें, सायबा. नुस्तें दर्याचें.’ नुस्ते म्हणजे मासळी. मग थोडे थांबून त्याने समजावून सांगितले. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, उधाणाचे पाणी, तळाला ओढ जास्त, शिसे ठरत नाही आणि मासाही खडकाच्या बाहेर येत नाही. काल रात्री त्याचे स्वतःचे जाळेही रिकामेच आले होते. चांदण्यात माशाला जाळे दिसते. शिवाय बाहेर मोठे दिवे लावून मासेमारी करणाऱ्या बोटी आहेत. केंद्र सरकारने 2017 साली त्या दिव्यांवर बंदी घातली, पण बंदी कागदावर आणि दिवे दर्यात, असे तो म्हणाला. पेट्रोलाचे पैसे मात्र रोज खरे असतात. एवढे बोलून त्याने पुन्हा नांगर काढला आणि दहा वाजून गेले तरी, जादा पैशांची गोष्ट न काढता, आम्हाला आणखी एका जागी नेले. तेथेही काही मिळाले नाही.

परत येताना बाबा आमच्या शेजारी बसले होते. मोटरच्या आवाजात, आमच्याकडे न पाहता, ते म्हणाले, ‘तिच्या वेळीही तू असाच बोलला होतास.’

वाचकहो, ते कशाविषयी होते ते सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. आईची मूत्रपिंडे निकामी होत चालली तेव्हा आम्ही एकवीस दिवसांची प्रार्थनासाखळी लावली. दर शुक्रवारी उपास केला. ती बरी झाली तर मंडळीला नवी पेटी देऊ असे ठरवले. आम्ही त्याला नवस म्हटले नाही, आभारार्पणाचा संकल्प म्हटले. शब्द प्रॉटेस्टंट होता, व्यवहार बाजारातला. आणि आई गेली त्या रात्री आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर बाबांना म्हणालो होतो की, आम्ही काय करायचे बाकी ठेवले होते? म्हणजे भाडे तर पूर्ण भरले होते, मग मासे कुठे आहेत?

पेटीचे पैसे बँकेत तसेच पडून होते. काम झाले नाही, तर द्यायचे कशाला? हे आम्ही कोणाला बोलून दाखवले नव्हते. त्यानंतरचे पाच महिने आम्ही व्यासपीठावरून कृपेवर बोलत होतो.

आता शास्त्रपाठाकडे वळू. प्रभू गनेसरेत सरोवराच्या काठी उभा आहे. त्याला होडी हवी आहे, आणि तो कोणाची मागतो? रात्रभर राबून ज्याच्या हाती काही लागले नाही आणि जो आता जाळी धूत बसला आहे, त्याची. 1986 साली अवर्षणाने त्या सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसरजवळच्या चिखलात एक प्राचीन होडी सापडली. ती साधारण आठ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद आणि सुमारे प्रभूच्या काळातली आहे. (ही पेत्राचीच होडी असे कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नये. तसा पुरावा नाही.) तिच्यात अनेक जातींची लाकडे आहेत. जुन्या होड्यांच्या फळ्या काढून पुन्हा वापरलेल्या, ठिगळावर ठिगळ. अशा होडीवर घर चालवणारा माणूस रात्र फुकट गेल्यावर सकाळी कोणत्या मनःस्थितीत असेल, ते आम्हाला पाळोळ्याला कळले. आणि त्याच वेळी कोणी येऊन म्हणतो की, होडी जरा काठापासून लोट, मला बोलायचे आहे.

शिमोन काय ठरवतो? काहीच नाही. भाडे विचारीत नाही, तासही विचारीत नाही. प्रभूनेही त्याला बदल्यात काही कबूल केलेले नाही. होडी मागितली, दिली. संदेश किती वेळ चालला कोण जाणे. आम्हा उपदेशकांचा अनुभव पाहता थोडा नसावा. रात्रभर जागलेला माणूस तेवढा वेळ होडी स्थिर धरून बसला. आम्ही हा भाग नेहमी घाईने ओलांडतो, कारण सगळे लक्ष पुढच्या जाळ्याकडे. मग मुलांना वाटते की, होडी दिली म्हणून मासे मिळाले. शिक्षक बंधुभगिनींनो, आम्ही स्वतः हे असेच शिकवत आलो आहोत. लूक तसे म्हणत नाही.

खोल पाण्यात चल असे प्रभू सांगतो, तेही दिवसाढवळ्या. जाणकार सांगतात की, त्या काळची सुताची जाळी दिवसा माशांना दिसत, म्हणूनच ते कोळी रात्री जात आणि सकाळी जाळी धूत. म्हणजे ही आज्ञा धंद्याच्या अकलेच्या उलट होती. शिमोन तसे सुचवतोही, आणि तरी जाळी सोडतो. मासे आल्यावर मात्र तो आनंदाने उडी मारीत नाही. दोन्ही होड्या बुडण्याच्या बेतात आहेत आणि हा गुडघे टेकून प्रभूला आपल्यापासून दूर जायला सांगतो. आमचा हिशेब त्याला माहीत असता तर म्हणाला असता, ‘बरोबर, होडीचे भाडे चुकते झाले.’ पण त्याला नेमके उलटे दिसले. या माशांवर आपला काडीचाही हक्क नव्हता, हे त्याला दिसले. आणि किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी सर्व काही तेथेच सोडले. आयुष्यातली सगळ्यात मोठी मासळी, आणि ती कोणी विकली, कोणी खाल्ली याचा शुभवर्तमानात पत्ताच नाही.

धर्मशास्त्राची पदविका घेताना आमच्या शिक्षकांनी एक गोष्ट सांगितली होती. नव्या करारात गळाने मासा धरण्याचा प्रसंग एकच आहे, मत्तय 17:27. पेत्राने गळ टाकावा, पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे मिळेल, ते मंदिराच्या करापोटी द्यावे. ते नाणे दोघांच्या करापुरतेच होते, वर काही उरले नाही. त्या काळी आम्ही ही गंमत म्हणून वहीत टिपून घेतली होती.

पेटी 2024 च्या ईस्टरला मंडळीत आली. तिच्यावर नाव घातलेले नाही. आई बरी झाली असती तर घातले असते, हे आम्हाला ठाऊक आहे.

पण त्या शनिवारची गोष्ट अजून थोडी राहिली. आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा रापण ओढणे चालू होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोके धरून ओढायचे लांबलचक जाळे. त्याला पुष्कळ माणसे लागतात आणि दोरीला हात लावणाऱ्याला वाटा द्यायची जुनी रीत आहे. आमची दोन्ही मुले धावत जाऊन दोरीला लोंबकळली. त्यांनी ओढले असेल पाच मिनिटे, तेही चुकीच्या दिशेने. जाळे वाळूवर आले. फार नव्हते, थोडे पेडवे, थोडे बांगडे. वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईने मुलांच्या टोपीत दोन ओंजळी मासळी ओतली. आम्ही पैसे काढू लागलो, तशी ती हसली आणि दुसऱ्या वाट्याकडे वळली.

राहण्याच्या जागी ते मासे तळून घेतले. बाबांनी भात दुसऱ्यांदा मागितला.

संध्याकाळी आम्ही त्या होडीवाल्याची क्षमा मागायला किनाऱ्यावर गेलो. होडी जागेवर नव्हती. ती ज्या ओंडक्यांवरून पाण्यात लोटतात ते ओंडके तेवढे ओल्या वाळूत पडले होते. रात्रीच्या जाळ्यासाठी गेला, असे शेजारच्याने सांगितले. सकाळी लवकर आमची परतीची गाडी होती, त्यामुळे भेट झालीच नाही. क्षमा मागायची राहून गेली आणि 700 रुपयेही द्यायचे राहून गेले.

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थना बाबांनी चालवली. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच. त्यांनी आईचे नाव घेऊन आभार मानले. मग त्या होडीवाल्याचे नाव घेतले, जे विचारण्याचे आम्हाला सकाळभर सुचले नव्हते आणि त्यांनी विचारून ठेवले होते, आणि आज चांदणे आहे तरी त्याच्या जाळ्यात काही येऊ दे, असे मागितले.