मूळ कण कोणता होता?

तारापूरच्या अणुवीज केंद्रात काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. अंगाने किती प्रारण घेतलं याचा हिशेब तो ठेवतो. मासवण गावी सूर्या नदीच्या काठी उभ्या असलेल्या माणसाकडे असा बॅज नसतो, पण त्याच्याही तळहातातून दर सेकंदाला म्युऑन नावाचे एक-दोन कण आरपार जात असतात. ते येतात अवकाशातून आदळणाऱ्या विश्वकिरणांमुळे.

तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. त्यांचा ध्यास घेतलेले होमी भाभा १९६६ सालीच गेले होते. ते मूळचे विश्वकिरणांचेच अभ्यासक. वेगवान इलेक्ट्रॉनातून फोटॉन, फोटॉनातून पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, अशी वाढत जाणारी साखळी त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत १९३७ साली मांडली. दुसऱ्याच वर्षी पिएर ओजे यांनी दाखवलं की असे कणवर्षाव जमिनीवर दूरवर पसरलेले असतात.

वर्षाव सुरू करणारा अवकाशातला मूळ कण जमिनीपर्यंत पोचत नाही. एकावर पंधरा शून्यं इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे तर एका चौरस मीटरवर वर्षाकाठी जेमतेम काही कण येतात. इतके विरळ कण टिपायला उपग्रह पुरा पडत नाही, म्हणून वातावरणालाच उपकरणाचा भाग करावं लागतं. मासवणच्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो हवा आहे; तिच्यातून खाली येईपर्यंत बहुतेक वर्षाव विरलेले असतात. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ प्रयोग उटीला, २,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे आठ-आठ मीटरांवर सुमारे ४०० डिटेक्टर मांडलेले आहेत. कण शिरला की त्यातलं प्लास्टिक क्षणभर चमकतं. कुठला डिटेक्टर किती नॅनोसेकंद आधी चमकला यावरून वर्षावाची दिशा कळते.

ऊर्जा मात्र इतक्या सरळपणे हाती लागत नाही, आणि मला या शास्त्राचा खरा कस इथेच दिसतो. लोखंडाच्या अणुकेंद्रात ५६ कण असतात. ते हवेवर आदळलं की ऊर्जा त्या ५६ जणांत वाटली जाते, वर्षाव उंचावरच भरात येतो आणि खाली इलेक्ट्रॉन कमी, म्युऑन जास्त पोचतात. म्हणजे कमी ऊर्जेचा प्रोटॉन आणि जास्त ऊर्जेचं लोखंड, दोघांचे इलेक्ट्रॉन सारखेच भरू शकतात. कण कोणता हे ठरल्याशिवाय ऊर्जा ठरत नाही आणि ऊर्जेशिवाय कण ओळखता येत नाही. म्हणून उटीला काँक्रीटच्या जाड थराखाली ५६० चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण आहे. इलेक्ट्रॉन त्या थरात अडतात, म्युऑन पार होतात. दोन्ही मोजण्या शेजारी ठेवूनच २०२४ साली या गटाने दाखवलं की प्रोटॉनांच्या संख्येचा ऊर्जेनुसार घसरत जाणारा आलेख १६६ टेरा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास कमी तीव्र होतो. एकसारखी घसरण गृहीत धरणाऱ्यांना आता नवं कारण शोधावं लागेल.

तरीही म्युऑनांचा अर्थ लावायला संगणकावरची प्रारूपं लागतात, आणि अर्जेंटिनातल्या पिएर ओजे वेधशाळेला प्रारूपांच्या हिशेबापेक्षा जास्त म्युऑन सापडतात. हवेतली टक्कर आपल्याला अजून पुरती उमगलेली नाही. म्हणूनच जुलै २०२५मध्ये जिनिव्हाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉन प्रथमच हवेचा घटक असलेल्या ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळवले गेले.