गाव कोणचं?

गेल्या जानेवारीत मुलानं आम्हाला फिरायला नेलं. पुण्याहून त्यानं कॅरॅव्हॅन भाड्यानं आणली होती. म्हणजे चाकांवरचं घरच म्हणा. झोपायला गाद्या, ओट्याएवढं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, आत संडास. ती आमच्या दारात उभी राहिली तेव्हा अर्धी आळी गोळा झाली. शेजारचा म्हातारा आत डोकावून म्हणाला, "गुरुजी, यात फक्त तुळशीवृंदावन तेवढं राहिलं."

मुलगा म्हणाला, "अण्णा, चार दिवस घाई नाही. वाटेल तिथं थांबायचं, वाटेल तिथं खायचं." जामखेड, आष्टी, कडा, नगर, राहुरी, शिर्डी, सिन्नर आणि पुढं नाशिकचे द्राक्षमळे असा बेत होता. खर्डा सोडताना किल्ल्याचे बुरूज मागं सरकू लागले आणि मला एकदम आठवलं, की याच वाटेनं, याच संथपणानं मी एकदा गेलो होतो.

तो १९७४ चा हंगाम. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातलं दाणागोटा, भांडीकुंडी सगळं गेलं होतं. बैलजोडी तेवढी कशीबशी जगवली होती. वडलांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळी झाल्यावर आम्ही ऊसतोडीला निघालो. लोखंडी धावेची लाकडी गाडी, तिच्यात ज्वारीचं पोतं, चूल, डालग्यात कोंबड्या, कडब्याच्या पेंढ्या आणि त्यावर मी. गाडीखाली सावलीनं चालणारं कुत्रं. टोळीच्या बारा-पंधरा गाड्या. राहुरीच्या पुढं पोचायला सात मुक्काम पडले.

मुलानं सांगितलेली सगळी मौज त्या प्रवासातही होती, हे आज लिहितानाही मला नवल वाटतं. गाडीतच घर, ओढ्याकाठी मुक्काम, तीन दगडांची चूल, डोक्यावर चांदणं. आई दळण नसतानाही ओव्या म्हणायची. मला तर तो सण वाटला होता. फडावर पोचल्यावर पहाटे तीनला उठायचं, थंडीनं बोटं वाकत नसताना मोळ्या बांधायच्या, हे पुढचं. वाटेवर मात्र आई हसलेली मला आठवते.

मग दोन्ही प्रवासांत फरक कोणता? त्या प्रवासात कष्ट होते, या प्रवासात सुख आहे, असं म्हणून भागत नाही. पैठणची नाथांची पालखी आमच्या खर्ड्यावरून पंढरपूरला जाते. वारकरी काय कमी कष्ट काढतो? पावसात भिजतो, शाळेच्या ओसरीवर झोपतो, पाय सुजलेले असतात. तरी त्याची कीव कोणी करत नाही, उलट पाया पडतो. कारण उद्या त्याच्या मनात आलं तर तो माघारी फिरू शकतो. माझ्या वडलांना फिरता येत नव्हतं. उचल घेतलेली होती. आजारी पडलं तरी खाडा लागायचा आणि तो हिशेबात वळता व्हायचा. वाट तीच असते, गतीही तीच असते. माघारी फिरायची मुभा आहे का, एवढ्यावरच प्रवास आणि फरफट वेगळी होते, असं मला वाटतं.

हे शहाणपण मात्र मला नंतर सुचलं. त्या दिवशी मी जे केलं, ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे.

राहुरीच्या पुढं रस्त्याकडेला आम्ही चहाला थांबलो. शेजारच्या रानात पाचटाच्या कोप्या होत्या. उसानं भरलेल्या टायरगाड्या चढावर कण्हत होत्या. कोप्यांतून एक पन्नाशीची बाई आली. मागं तिची सून, पोटुशी, सातवा-आठवा महिना असावा.

बाईनं विचारलं, "पाव्हणं, गाव कोणचं?"

मी म्हणालो, "पुणं."

"आमी जामखेडाकडले. खर्डा म्हाईत हाय का? तिथून कोसभर."

"ऐकलंय," मी म्हणालो. "लढाई झाली होती ना तिथं."

तीस वर्षं मी पोरांना शिकवलं आहे की ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, निजामानं त्याच किल्ल्याचा आसरा घेतला. शिकवताना "आपलं खर्डं" म्हणत आलो. आणि त्या बाईसमोर मी "ऐकलंय" म्हणालो. माझी बायको दारात उभी होती. तिनं ऐकलं.

बाई तिच्याकडं वळली. "आत संडास बी हाय म्हनं? सुनेला जरा जाऊ द्या की. ऊस तुटला, आता आडोसाच ऱ्हायला न्हाई."

ड्रायव्हर म्हणाला, "टाकी मला साफ करावी लागते." मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी वर्तमानपत्र उघडलं. माझी आईही अंधार पडायची वाट बघत दिवसभर पाणी पीत नसे, हे मला त्या क्षणी आठवत होतं. तरी मी वाचत राहिलो. बायकोनं पोरीचा हात धरला आणि आत नेलं.

रात्री गाडीत झोपताना बायको एवढंच म्हणाली, "पुण्यात आपलं घर कोणत्या पेठेत आहे हो?"

नाशिकला पोचलो. हा मुलूख खाण्याच्या द्राक्षांसाठी आधीपासून नावाजलेला. १९९९ साली इथं सुला वायनरी सुरू झाली, २००१ मध्ये सरकारनं वाईनचं धोरण आणलं, मग मळ्यांच्या बाजूनं वायनऱ्या उभ्या राहिल्या. आता लोक मुक्कामाला येतात, पेल्यातली वाईन हलवून वास घेतात. माझ्या गळ्यात माळ, मी द्राक्षाचा रस घेतला. संध्याकाळ खरंच सुंदर होती, खोटं कशाला बोलू? दिंडोरीकडच्या मळ्यांत बायका घड खुडत होत्या. पेठ-सुरगाण्याकडच्या, म्हणजे त्याही आपलं गाव सोडूनच आलेल्या. मला त्यांना गाव विचारायचा धीर झाला नाही.

मी खोटं का बोललो? लाज वाटली म्हणावं, तर माझ्या बापाच्या कोयत्याची मला कधी लाज वाटली नाही. तो कोयता अजून घरात आहे. खरं कारण साधं आणि वाईट आहे. गाव सांगितलं की नातं लागतं, आणि नातं लागलं की देणं लागतं. खर्डा म्हणालो असतो तर "कोणाचे तुम्ही?" हा पुढचा प्रश्न आला असता. मग ती मावशी झाली असती, ती सून लेक झाली असती, आणि चार दिवसांची मौज तिथंच अडली असती. मला माझी सुट्टी वाचवायची होती.

मौज करणं पाप आहे असं मी म्हणणार नाही. मुलानं कष्टानं मिळवलं, आईबापाला फिरवलं, यात वावगं काही नाही. जगात दुःख आहे म्हणून कोणी हसूच नये, असा नियम केला तर माझी आईही ओवी म्हणाल्याबद्दल दोषी ठरेल. पण जी मौज टिकवायला स्वतःचं गाव नाकारावं लागतं, तिच्यात काहीतरी नासलेलं असतं. माघारी फिरायची मुभा होती ती मला. तिला नव्हती. आणि मी ती मुभा वापरली नाही. परतीला त्या कोप्यांवरून गेलो तेव्हा रात्र झाली होती. आत एक-दोन दिवे दिसले. मी गाडी थांबव म्हणालो नाही.

आता पाडवा जवळ आला आहे. हंगाम संपला, टोळ्या गावाकडं येऊ लागल्यात. त्या सुनेचं बाळ एव्हाना महिन्याचं झालं असेल, फडावरच जन्मलेलं. खर्ड्यापासून कोसभर म्हणजे तीन-चार वस्त्याच. शोधली तर सापडेल. बायकोनं लुगड्याचं कुंची-झबलं शिवून ठेवलंय, मला काही न सांगता.

मी जाणार आहे. दारात उभा राहिल्यावर ती बाई पहिल्यांदा काय विचारील, हे मला माहीत आहे.