चैत्रानं पाहिलं, मैत्राला आठवलं

मलमाच्या डबीचं झाकण निघालं की खिडकीजवळचे आजोबा डोळे मिटतात. मालिशच्या त्या उग्र, नाकात चढणाऱ्या वासात क्षणभर बसून राहतात आणि म्हणतात, "बेव्हन आला." मग दोन्ही हातांनी स्वतःच्याच गुडघ्याभोवती न दिसणारी पट्टी गुंडाळू लागतात.

दर गुरुवारी दुपारी दोन वाजता चर्चच्या हॉलमध्ये हे चालतं. गाव वॉरिंग्टन, लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधोमध, मर्सी नदीवर. बारा-पंधरा म्हातारे जमतात. निम्म्यांना विस्मरणाचा आजार आहे, उरलेल्यांना त्याची धास्ती. टेबलावर जुन्या वस्तू मांडलेल्या असतात: वादी ओवलेला चामड्याचा चेंडू, पिवळी पडलेली सामन्यांची पत्रकं, फिकट पिवळ्या-निळ्या रंगाची लोकरी जर्सी, ही मलमाची डबी. वस्तू हातोहात फिरतात आणि माणसं बोलू लागतात. तीसएक वर्षं मी म्हाताऱ्यांची डॉक्टर होते. आता तिथे चहा करते. त्यांच्या लेखी मी अजून 'डॉक'च आहे.

खिडकीजवळच्या आजोबांना आपली बायको गेली हे दर आठवड्याला नव्यानं सांगावं लागतं. सांगितलं की ते दर वेळी पहिल्यांदाच रडतात. पण 1954 सालचा वॉरिंग्टनचा संघ विचारा, पहिल्यापासून तेराव्यापर्यंत न अडखळता म्हणून दाखवतात. आपल्याकडे संध्याकाळी दिव्यापुढे परवचा म्हणत, त्या चालीत.

रग्बी लीग हा खेळ मी इथे येऊन शिकले. तेरा-तेरा खेळाडू. चेंडू पुढे न्यायचा तर पळत नाहीतर लाथेनं. हातानं द्यायचा तो फक्त मागच्याला. पलीकडच्या रेषेआड तो जमिनीला टेकवला की 'ट्राय'. हा खेळ जन्मला तो मजुरीच्या भांडणातून. शनिवारी सामना खेळायला गेलं की गिरणी-खाणीतल्या कामगाराचा रोज बुडे. तो भरून द्यायला रग्बीचे दक्षिणेतले कारभारी तयार नव्हते. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. वॉरिंग्टन त्यात होतं. हे तारेच्या कारखान्यांचं गाव, म्हणून क्लबला आजही 'द वायर' म्हणतात.

आणि ब्रायन बेव्हन? हा ऑस्ट्रेलियाचा. युद्धाच्या शेवटी नौदलाच्या जहाजावर भट्टीत कोळसा टाकणारा म्हणून इंग्लंडला आला. लीड्सनं त्याच्याकडे पाहिलं आणि नको म्हटलं. म्हणणारच. काटकुळा, टक्कल पडत चाललेला, तोंडात दात नाहीत, गुडघ्यांना पट्ट्या; मैदानावर हा खेळाडू म्हणून आलाय की दवाखान्यातून पळून, असं वाटावं. वॉरिंग्टननं त्याला ठेवून घेतलं आणि 1962 पर्यंत या माणसानं त्यांच्यासाठी 620 सामन्यांत 740 ट्राय केले. कारकिर्दीत एकूण 796. तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही. त्याचा पुतळा आधी विल्डरस्पूलच्या जुन्या मैदानाजवळ रस्त्यात होता, आता नव्या मैदानाबाहेर आहे.

खिडकीजवळच्या आजोबांची सगळ्यात लाडकी आठवण ऑड्सलची. 1954 च्या चॅलेंज कपचा अंतिम सामना वेम्ब्लीवर 4-4 असा बरोबरीत सुटला, म्हणून 5 मे रोजी, बुधवारी संध्याकाळी, ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर हॅलिफॅक्सशी पुन्हा खेळवला. नोंदलेले प्रेक्षक 1,02,569. नोंद न झालेले किती, ते देवाला ठाऊक. आजोबा सांगतात : वडिलांचा ओलसर लोकरी कोट गालाला घासत होता. समोर नुसत्या टोप्याच टोप्या. वडील म्हणाले, "खांद्यावर बस." वर चढल्यावर दूर खाली, वाडग्याच्या तळाशी सांडल्यासारखी हिरवळ दिसली.

हे मी किमान वीसदा ऐकलं असेल. मग एका गुरुवारी त्यांची मुलगी त्यांना न्यायला जरा लवकर आली. कप विसळताना मी तिला ऑड्सलबद्दल म्हणाले. ती हसली. "बाबा गेलेच नव्हते हो. तेव्हा चार वर्षांचे होते. आजोबा एकटे गेले होते, कारखान्यातल्या लोकांबरोबर. बाबांना नेलं नाही म्हणून ते रात्रभर रडले, असं आजी सांगायची."

नोकरीत असते तर केसपेपरवर मी एक शब्द लिहून मोकळी झाले असते. स्मरणातली भगदाडं मन आपणच बुजवतं. त्यात फसवण्याचा हेतू नसतो, आणि या प्रकाराला आमच्याकडे लांबलचक नाव आहे. पण त्या दिवशी घरी येताना डोक्यात माझे आजोबा होते.

आजोबा वाईचे. प्राज्ञपाठशाळेत शिकलेले, न्यायशास्त्राचे. माझ्या डोळ्यांपुढे ते असे आहेत : गणपती घाटाची पायरी, गुडघ्यापर्यंत ओलं झालेलं धोतर, समोर कुणी पाहुणे शास्त्री, आणि आजोबा तर्जनी वर करून विचारताहेत, "चैत्रानं पाहिलं आणि मैत्राला आठवलं, असं कधी होतं का?"

चैत्र आणि मैत्र ही नैयायिकांची ठरलेली माणसं. गणितातल्या नळानं भरणाऱ्या हौदासारखी. प्रश्न मात्र खेळातला नाही. त्यावर त्यांनी आत्म्याची अख्खी इमारत उभी केली. एकानं अनुभवलेलं दुसऱ्याला आठवत नाही. मला लहानपणचं आठवतं, म्हणजे तेव्हा अनुभवणारा आणि आज आठवणारा एकच असला पाहिजे. शरीर तर पार बदललं. मग टिकून राहिलं ते कोण? आत्मा.

बौद्धांना हे मान्य नव्हतं. टिकून राहणारं असं कुणी लागतच नाही, ते म्हणत. एका क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणात उतरतो, बस्स. कापसाचं बी लाखेच्या रंगात भिजवून पेरलं तर बोंडात लाली येते. बी उरलेलं नसतं, लाली उरते. यावर नैयायिकांनी टाकलेला पेच फार मजेशीर आहे. संस्कार असा एकातून दुसऱ्यात उतरत असेल, तर आईनं पाहिलेलं पोटातल्या गर्भाला आठवायला हवं! असली विपरीत गोष्ट कुणी कबूल करणार नाही, या भरवशावर त्यांनी वाद मिटवला.

आणि इथे चर्चच्या हॉलमध्ये, बिस्किटं चहात बुडवत, तीच विपरीत गोष्ट राजरोस चालली होती. बापानं पाहिलेलं लेकाला आठवत होतं. कोटाच्या ओलाव्यासकट.

काही दिवस मी माझ्या आजोबांच्या बाजूनं वाद लढवून पाहिला. बचाव अवघड नाही. खिडकीजवळच्या आजोबांना ऑड्सल आठवत नाही. त्यांना आठवतं ते स्वयंपाकघर, रात्र, परतलेल्या बापाचा आवाज, त्याचा कोट. तो अनुभव त्यांचा स्वतःचा आहे. कोट गालाला घासलाच असेल. फक्त मैदानावर नाही, घरी, दारात. ऐकलेल्यावर त्यांनी 'पाहिलेलं' अशी चिठ्ठी चिकटवली, एवढीच चूक. तर्कसंग्रहात स्मृतीचे यथार्थ आणि अयथार्थ असे दोन प्रकार सांगितलेत. ही दुसऱ्यात टाका आणि पुढे चला. शिवाय न्यायशास्त्र स्मृतीला प्रमाण मानतच नाही. आठवण नवं काही कळवत नाही, आधी कळलेलंच पुन्हा आणते.

पण हॉलमध्ये बसल्यावर हे पुरेना. कारण तिथे आठवण तपासली जाते, आणि फार कडकपणे. एकदा खिडकीजवळचे आजोबा रंगात येऊन म्हणाले, की ऑड्सलला बेव्हननं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन ट्राय केला. तारेच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. "त्या संध्याकाळी बेव्हनचा ट्राय नाही. चॅलिनरचा एक, हेल्मचा एक. आठ-चार." कुणी हसलं नाही. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरोबर. हेल्म." पुढच्या गुरुवारी त्यांना ही दुरुस्ती आठवत नव्हती, पण कारखानेवाल्यांना ती पुन्हा करताना कंटाळा आला नाही. ते ऑड्सलला होते का, मी विचारलं नाही. वयाचा हिशेब केला तर तेही नसावेत.

त्याच आठवड्यात पुण्याला बहिणीशी फोनवर बोलताना मी घाटाची गोष्ट काढली. ओलं धोतर, वर केलेलं बोट. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "अगं, आजोबा गेले तेव्हा तू दीड-दोन वर्षांची होतीस. ते बोट वर करणं आई करून दाखवायची. पोळ्या लाटताना, पिठाच्या हातानं."

फोन ठेवल्यावर मी आठवणीत पुन्हा त्या पायरीवर जाऊन पाहिलं. धोतर ओलंच होतं. फक्त आता त्या तर्जनीला पीठ लागलेलं दिसलं.

चैत्रानं पाहिलेलं मैत्राला आठवत नाही, हे वाक्यच मैत्रासारखं माझ्याकडे आलं होतं. त्या रात्री मला न्यायशास्त्र सोडून धर्मशास्त्राची आठवण झाली. अनुभव एकाचा दुसऱ्याकडे जात नाही, हे एका शास्त्राचं म्हणणं. पण दुसऱ्या शास्त्राला एक वस्तू माहीत आहे, जी बापाकडून लेकाकडे सरळ जाते : कर्ज. बापानं घेतलेलं लेकानं फेडायचं. घेताना लेक हजर होता का, कुणी विचारत नाही. आपल्या न्यायालयांनीही हे पुत्रकर्तव्य 2005 च्या कायदादुरुस्तीपर्यंत मानलं. जुन्या शास्त्रकारांची वाटणी तर मला नेहमीच थोर वाटत आली आहे : मुलानं व्याजासकट फेडावं, नातवानं मुद्दल तेवढं, पणतवावर बंधन नाही. बापाचं दारूचं आणि जुगाराचं कर्ज मात्र मुलाला माफ.

हॉलमध्ये नेमका हाच व्यवहार चालतो. मुलगा व्याजासकट देतो. म्हणून खांद्यावर बसणं येतं, हिरवळ येते, बेव्हनचा न झालेला ट्रायही येतो. नातवाकडे मुद्दल असतं : 740. पणतू पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसून चिप्स खातो आणि त्याला कुणी रागावत नाही. सामन्यावर लावलेल्या पैजांत खिडकीजवळच्या आजोबांचे वडील किती हरले, हे मात्र घरात कुणालाच आठवत नाही. तेही शास्त्राला धरूनच.

एकदा असं पाहिलं की 'ही आठवण नक्की कुणाची?' या प्रश्नाचा काच सैल होतो. कर्जाच्या बाबतीत आपण विचारतो ते वेगळंच : कुणावर आहे? आणि हिशेब चोख आहे का? कारखानेवाले गृहस्थ दर गुरुवारी करतात ते हिशेब तपासण्याचं काम. व्याज चालेल, पण मुद्दलात गफलत नको. हेल्मचा ट्राय बेव्हनच्या खात्यावर टाकायचा नाही. बेव्हनवर त्यांचं प्रेम कमी आहे म्हणून नव्हे, हेल्मचंही देणं लागतो म्हणून. खोटी आठवण आणि उसनी आठवण यांतला फरक मला तिथे कळला. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, आणि त्याची मोजदाद दुसऱ्याला करू द्यावी लागते. खोट्याला मोजदाद सोसत नाही.

आत्मा आहे की नाही, हे यातून ठरत नाही. माझे आजोबा असते तर त्यांनी मला तीन वाक्यांत गप्प केलं असतं : कर्ज ही लोकांनी मानलेली गोष्ट, स्मृती आत्म्याचा गुण, तू दोन वेगळ्या वस्तूंची मोट बांधते आहेस. कबूल. पण आजोबांचं हे उत्तरसुद्धा मी त्यांच्या आवाजात ऐकते, जो मी कधी ऐकलेला नाही. हे देणं कुठल्या खात्यावर मांडायचं, हे त्यांनीच सांगावं.

वॉरिंग्टननं लीगचं अजिंक्यपद शेवटचं जिंकलं 1955 साली, म्हणजे मी जन्मले त्या वर्षी. दर हंगामाच्या सुरुवातीला गावातले लोक म्हणतात, "यंदा आपलं वर्ष." निम्मी थट्टा, निम्मा नवस.

परवाच्या गुरुवारी डबी फिरून झाली, परवचा झाली, कोट झाला, टोप्या झाल्या. आजोबा खांद्यावर चढले आणि एकदम थांबले. पुढचं कुठेतरी हरवलं. हॉलभर नजर फिरवून ती माझ्यावर, हातातल्या किटलीवर येऊन ठरली.

"डॉक, तू होतीस ना तिथे? ऑड्सलला?"

कारखानेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी किटली टेबलावर ठेवली.

"होते, पण फार मागे," मी म्हणाले. "मला काहीच दिसलं नाही. तुम्ही सांगा."

"कसं दिसणार," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "एवढ्या टोप्या होत्या."